राख कुठी जाते?

माझं लहानपण चंद्रपूर जिल्ह्यात, कोळशाच्या खाणीजवळच्या एका वसाहतीत गेलं. आमच्याकडे वाळलेले कपडे आधी झटकायचे आणि मगच घडी घालायची, अशी रीत होती. विसरलात, तर शाळेच्या पांढऱ्या सदऱ्यावर काळे ठिपके उठलेच म्हणून समजा!

बाबा खाणीवर कामाला होते. पाळी संपवून आले की अंगणातल्या नळाखाली हातपाय धुवायचे आणि बराच वेळ खोकायचे. त्या खोकल्याची आम्हांला इतकी सवय झाली होती, की तो ऐकू आला नाही तर आई विचारायची, "अजून आले नाहीत का गं तुझे बाबा?"

२००५ साली मी अकरावी विज्ञान शाखेत होते. आमच्याकडे विज्ञान प्रदर्शन भरणार होतं आणि विषय होता 'ऊर्जा'. मी मनाशी ठरवलं, आपण कोळशापासून धुराशिवाय वीज कशी करता येईल ते शोधायचं. कारण काय, ते सांगायला नकोच!

ग्रंथालयात जाऊन मी विश्वकोशाचे जाडजूड खंड उघडले. तिथं एक गंमत कळली. विल्यम मर्डॉक नावाच्या माणसानं इंग्लंडमधल्या कॉर्नवॉल इथं १७९२ साली कोळशाच्या गॅसवर आपलं घर उजळलं होतं. १८६५ साली आपल्या मुंबईच्या रस्त्यांवरही गॅसचे दिवे लागले होते. म्हणजे कोळशाचा गॅस करता येतो तर!

मी धावतच रसायनशास्त्राच्या सरांकडे गेले. सरांनी एका जाड काचेच्या नळीत कोळशाची पूड भरली, बूच लावलं आणि खालून बर्नर पेटवला. थोड्या वेळानं दुसऱ्या नळीत काळपट डांबर साचलं. पुढच्या बारीक तोटीतून गॅस येऊ लागला. सरांनी काडी ओढली आणि तोटीवर ज्योत पेटली! मी टाळ्याच वाजवल्या.

(हा प्रयोग घरी मुळीच करू नका बरं का! या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग, ना वास, पण तो जीव घेतो. सरांनीसुद्धा सगळ्या खिडक्या उघडून, स्वतःच्या हातानं तो केला होता.)

सर म्हणाले, "टाळ्या थांबव. नळीत काय उरलंय ते बघ." नळीत काळे खडे होते. तो होता कोक, म्हणजे बहुतेक सगळा कार्बन तसाच शिल्लक! नुसता कोळसा तापवला, तर त्याचा थोडाच भाग गॅस होतो. सगळ्या कोळशाचा गॅस करायचा, तर त्याला बेताचा प्राणवायू आणि पाण्याची वाफ द्यावी लागते. प्राणवायू मुद्दाम कमी द्यायचा, म्हणजे कोळसा पूर्ण जळत नाही. मग कार्बन आणि वाफ यांचा संयोग होऊन कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन तयार होतात. हेच कोळशाचं वायूकरण.

याचा फायदा काय? धूर बाहेर पडल्यावर त्याच्यामागे धावण्यापेक्षा गॅस जाळण्याआधीच धुऊन घेता येतो. धूळ आणि गंधक वेगळं काढता येतं. स्वच्छ केलेल्या गॅसवर एक टर्बाइन फिरतं. त्यातून निघालेल्या गरम हवेवर पाण्याची वाफ करून दुसरं टर्बाइन फिरवतात. रसवंतीवाला एकदा पिळलेला ऊस पुन्हा चरकात घालतो ना, तसंच! साध्या औष्णिक केंद्रात कोळशातल्या उष्णतेचा सुमारे एकतृतीयांश भाग विजेत उतरतो. या पद्धतीत तो ४० टक्क्यांच्या पुढे नेता येतो. कॅलिफोर्नियात १९८४ साली आणि हॉलंडमध्ये बुगेनम इथं १९९४ साली अशी केंद्रं सुरू झाली होती. आपल्याकडेही तिरुचिरापल्लीला 'भेल'नं ६.२ मेगावॉटचं छोटं प्रायोगिक केंद्र उभारलं होतं.

मी तक्ता रंगवला. वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'प्रदूषण शून्य!' खाली धूर ओकणारा कोळशाचा काळा राक्षस काढला आणि त्याला दोन सुळेही दिले.

प्रदर्शनाच्या आदल्या रात्री बाबा पाळीवरून आले. सातवी शिकलेले माझे बाबा तक्त्यासमोर बसून एकेक अक्षर वाचत होते. राक्षसापाशी त्यांचं बोट थांबलं. मला एकदम कसंसंच झालं. त्याच कोळशावर आमचं घर चालत होतं, माझी फी भरली जात होती. पण बाबा त्यावर काहीच बोलले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "पोरी, सगळ्याचा गॅस होते म्हनतं, मंग राख कुठी जाते?"

मी गप्प! आपल्या कोळशात गंधक कमी, पण राख फार. शंभर किलो कोळसा घेतला, तर कित्येकदा ३५ ते ४० किलो राखच निघते. ती काही गॅस होऊन उडून जात नाही. ती उरतेच, आणि कुठंतरी टाकावीच लागते. बाबांनी ती राख आयुष्यभर पाहिली होती. मी फक्त पुस्तकं पाहिली होती.

रात्री अकरा वाजता मी राक्षसावर पांढरा कागद चिकटवला. तिथं राखेचा ढीग काढला. 'शून्य' खोडून 'कमी' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी विचारलं, "आणि कार्बन डायऑक्साइडचं काय?" मी म्हणाले, "सर, तोही होतोच. जास्त वीज मिळाल्यामुळे एका युनिटमागे थोडा कमी होतो. तो वेगळा काढता येतो, पण त्याला खर्च येतो. म्हणून मी 'कमी' लिहिलंय." त्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. बक्षीस मात्र शेजारच्या लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या प्रतिकृतीला मिळालं. खोटं कशाला सांगू, घरी येऊन मी रडले!

पुढे मी डी.एड. केलं आणि शिक्षिका झाले. कोळशाच्या बातम्या मात्र अजून वाचते. बुगेनमचं केंद्र २०१३ साली बंद झालं. अमेरिकेत मिसिसिपीमधल्या केम्पर इथल्या प्रकल्पानं प्रचंड खर्चानंतर २०१७ साली वायूकरणाचा नाद सोडला. भारतानं २०३० सालापर्यंत वर्षाला १० कोटी टन कोळशाचं वायूकरण करायचं ठरवलं आहे, आणि त्यासाठी जानेवारी २०२४ मध्ये सरकारनं ८,५०० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्या गॅसपासून खतं आणि रसायनंही करायची आहेत. ऊन आणि वारा यांच्यापासून मिळणारी वीजही वाढते आहे.

यातलं जिंकणार कोण, हे माझ्या वर्गातली मुलंच मोठी झाल्यावर ठरवतील. म्हणून कुणी मला उत्साहानं सांगायला आलं, "बाई, याच्यानं काहीच प्रदूषण होत नाही!" तर मी त्याला शाबासकी देते आणि बाबांचा प्रश्न विचारते.

बाबा आता निवृत्त झालेत, खोकला अजून आहेच. तो तक्ता त्यांनी ट्रंकेत जपून ठेवलाय. मागच्या दिवाळीत मी तो उघडला, तर राखेच्या ढिगावरचा कागद सुटला होता आणि खालून राक्षसाचा एक सुळा डोकावत होता. बाबा म्हणाले, "राहू दे वं. तोही खराच होता."