काठावरचा करप

पालीत आषाढ लागला, की हातखंब्याकडून येणारा महामार्ग नुसता आवाजापुरता उरतो, जांभ्याच्या भिंती पाणी पिऊन काळवंडतात, चपलांवर, पट्ट्यांवर, पुस्तकांच्या पाठींवर पांढरट लव उगवते. आणि माझ्या फळीवरचे जुने अमेरिकन पाइप, साता समुद्रांपलीकडच्या कोरड्या घरांत म्हातारे झालेले, या ओलीत पुन्हा जागे होतात. वर्षानुवर्षं लाकडात मुरलेला धूर दमट हवेत सुटू लागतो. मनुकांचा वास, भिजल्या गवताचा, राखेचा, आणि सगळ्यांच्या तळाशी जळक्या गुळाचा कडवटपणा. मी तंबाखू ओढत नाही, घरात दुसरंही कुणी ओढत नाही. तरी कुणीतरी नुकतंच उठून गेलंय असं वाटतं.

यातला पहिला पाइप खाडीकाठच्या एका घरातून आला, बोटीवर हयात घालवलेल्या खलाशाच्या पेटाऱ्यातून. रत्नागिरीच्या खाड्यांमधून माणसं मुंबईच्या गोदीत गेली, गोदीतून बोटींवर, आणि बोटींवरून कुठे कुठे. परतताना कुणी घड्याळ आणलं, कुणी चिनी मातीची किटली. याने पाइप आणला. बाकीचे मग चोरबाजारातून, भंगारातून, एकाने दुसऱ्याला बोलवावं तसे येत गेले.

पाइप ओळखायचा तो तिरप्या उजेडात. पडवीच्या टोकाला बसावं, ढगांतून गाळून आलेला उजेड दांड्यावर आडवा पडू द्यावा. मग घासून गुळगुळीत झालेल्या लाकडातून अक्षरं हळूहळू वर येतात. त्रिकोणात डब्ल्यू. डी. सी. दिसलं, तर तो न्यूयॉर्कच्या विल्यम डेमथचा. काळ्या नळीवर तीन पाकळ्यांचं इवलंसं पांढरं पान जडवलेलं असलं, तर केवूडी. आणि त्याच्या दांड्यावर चार आकडी अंक असला, तर तो बहुधा १९३८ च्या आधीचा. नळी अंगठ्याने चोळावी, गंधकाचा उग्र दर्प आला की समजावं, हे गंधक घालून घट्ट केलेलं रबर. उजेडाने ते हिरवट तपकिरी पडतं, शेवाळ धरल्यासारखं. वाटी ब्रायरची, म्हणजे भूमध्य सागराकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी फुगलेल्या गाठीची. खडकाळ जमिनीत, तहानेत वाढलेली ही गाठ आगीला दाद देत नाही.

दुसऱ्या महायुद्धात त्या समुद्राची वाट बंद झाली, तेव्हा कॅलिफोर्नियाच्या डोंगरातल्या मांझानिटाच्या गाठी खणून काढल्या गेल्या आणि ‘मिशन ब्रायर’ या नावाने त्यांचे पाइप झाले. तसा एखादा हातात आला, की त्याच्या जरा अनोळखी रेषांतून मला ते युद्ध दिसतं. तोफा नाहीत, विमानं नाहीत. फक्त एक न आलेलं जहाज.

आणि ज्यांना ब्रायर परवडत नव्हता, त्यांच्यासाठी मका होताच. मिसुरीतल्या वॉशिंग्टन गावी १८६९ साली हेन्री टिबे नावाच्या कातारी कारागिराने मक्याच्या बुरकुंडाचे पाइप कातायला घेतले, पुढे १८७८ मध्ये त्यांचं पेटंट झालं. जनरल मॅकआर्थरच्या तोंडातला तो सुप्रसिद्ध पाइप या जातीचा. दाणे काढून गुरांपुढे टाकायची वस्तू, तिच्यातही कुणाला निखाऱ्यापुरती जागा दिसली.

पण ठसा वाचून झाला की कारखाना कळतो. माणूस कळत नाही.

माणूस असतो नळीच्या टोकाशी, दोन दातांनी पाडलेल्या खळग्यात. तो असतो वाटीच्या एका अंगाने करपलेल्या काठात, जिथे वर्षानुवर्षं त्याने एकाच हाताने, एकाच बाजूने काडी धरली. जाणकार संग्राहक म्हणतात, खळगे भरून घ्यावेत, काठ घासून पॉलिश करावा, किंमत वाढते; सगळ्यांत मोल असतं कधीच न पेटवलेल्या पाइपाला. मला मात्र न पेटवलेला पाइप हातात घेतला की परकं वाटतं. त्याच्यावर कुणाचीच संध्याकाळ झालेली नाही.

पुण्यात दिनकर केळकरांनी जन्मभर जमवलेल्या वस्तूंत हुक्के आहेत, अडकित्ते आहेत, दिवे आहेत. बहुतेकांवर ना घडवणाऱ्याचं नाव, ना वापरणाऱ्याचं. त्या कपाटांपुढे उभं राहिलं की पितळेवर बोटांनी आणलेली झिलई आधी दिसते, मग नक्षी. कवितेखाली ‘अज्ञातवासी’ अशी सही करणाऱ्या या माणसाने एवढ्या निनावी हातांना छप्पर दिलं, आणि त्या छपराला नाव दिलं लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं.

माझे आजोबा विडी ओढायचे. जेवण झालं, की पडवीत उकिडवे बसून, कानावरची विडी काढून, बोटांत जराशी फिरवून, वाऱ्याला तळहाताची आड धरून ते ती पेटवत, आणि समोरच्या माडांत काय बघत ते कुणाला सांगत नसत. मग खोकला. मग थोटूक अंगणात. पावसाची एक सर आली की तेही वाहून जाई. विडीचं असंच असतं. ती ओढणाऱ्याची खूण सांभाळत नाही, खुणेसकट जळते. त्यांचे दात कशावर उमटलेले नाहीत, कुठला काठ त्यांच्या काडीने करपलेला नाही. जे त्यांच्याबाबतीत वाचायचं राहिलं, ते मी या परक्या, कधीही न पाहिलेल्या अमेरिकन म्हाताऱ्यांच्या नळ्यांवर वाचत बसतो.

संग्रहाची वही मी नेमाने लिहितो. बनावट, ठसा, साल, खुणा, सापडल्याचं ठिकाण. त्या वहीत एक नोंद अशी आहे जिच्यासमोर फळीवर काहीच नाही. बनावट: पान आणि दोरा. ठसा: नाही. साल: लागू नाही. खुणा: अंगठ्याचं नख पिवळं, शेवटचा झुरका डोळे मिटून. सापडल्याचं ठिकाण: पाली.