पितरांसाठीं फेर

ज्या घरीं वर्षाच्या आंत कोणी वारलें असेल त्या घरानें सण करूं नये, ही आपल्याकडील रीत वाचकांस सांगावयास नको. दाराला तोरण नाहीं, स्वयंपाकघरांत पुरण नाहीं, आणि मंगळागौरीच्या जागरणाला तर सुनांनीं पाऊलहि टाकावयाचें नाहीं. आमच्या मातोश्री गेल्या मार्गशीर्षांत निवर्तल्या. पुढें जुलै महिन्यांत आम्ही उभयतां कन्येकडे कॅलिफोर्नियांतील सॅन होजे येथें असतां, एका शनिवारीं ती आम्हांस तेथील जपानी वस्तींतला 'ओबोन' पाहण्यास घेऊन निघाली. पाहण्यास हरकत नाहीं, फेरांत मात्र जावयाचें नाहीं, असें आमच्या कुटुंबानें निघतांनाच बजावून ठेविलें. आम्ही पडलों सुधारक! आम्ही हंसलों आणि गप्प राहिलों.

ओबोन म्हणजे जपानचा पितृपक्षच. 'उल्लंबन', म्हणजे उलटें लोंबकळणें, या संस्कृत शब्दापासून हें नांव आलें असें परंपरा सांगते. पंडितांत याविषयीं वाद आहे. तो कसाहि मिटो, आदिपर्वांतील जरत्कारूला आपले पितर खड्ड्यांत उलटे टांगलेले दिसले, ती कथा आम्हांस आठवल्यावांचून राहिली नाहीं. बुद्धाचा शिष्य मौद्गल्यायन, ज्याला जपानी लोक मोकुरेन म्हणतात, त्याला दिव्य दृष्टीनें आपली मृत माता प्रेतयोनींत भुकेनें तळमळतांना दिसली. त्यानें दिलेला घांस तिच्या मुखाशीं जातांच पेटून उठे. शेवटीं बुद्धाच्या सांगण्यावरून त्यानें वर्षावास पुरा केलेल्या भिक्षूंना अन्नदान केलें, माता सुटली, आणि मोकुरेन आनंदानें नाचूं लागला. तोच हा नाच, 'बोन ओदोरी'. येथवर त्यांची कथा आणि आपलें श्राद्ध एकाच वाटेनें चालतात. पुढें मात्र आपण पान वाढून कावळ्याची वाट पाहत बसतों, आणि ते ढोल वाजवितात.

येथील देऊळ १९३७ सालचें. त्याच्या समोरील फिफ्थ स्ट्रीटवर 'यागुरा' नांवाचें मचाण उभारलेलें, वर कागदी कंदिलांच्या माळा. ढोलावर थाप पडली आणि शेंकडों माणसें रस्त्यावर उतरलीं. युकाता नेसलेल्या आजीबाई, अर्ध्या विजारींतले तरुण, शेजारपाजारचे नाना वर्णांचे लोक. पुढच्याचें पाहून मागच्यानें करावें, एवढाच अभ्यासक्रम. परीक्षा नाहीं, हें आम्हां मास्तरांस फार आवडलें.

'तान्को बुशी' हें मूळचें क्यूशू बेटावरील खाणकामगारांचें गीत. फावड्यानें खणावें, कोळसा खांद्यावरून मागें टाकावा, कपाळाशीं हात नेऊन न्याहाळावें, गाडी लोटावी, टाळी द्यावी. या गीताशीं जिचें नांव जोडलेलें आहे ती मीइकेची खाण १९९७ सालीं बंद झाली. पण सॅन होजेच्या रस्त्यावर संगणकाच्या धंद्यांतलीं मुलें अजून कोळसा उपसीत आहेत.

हाच रस्ता १९४२ सालीं ओस पडला होता. त्या वर्षीं फेब्रुवारींत अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं काढलेल्या हुकुमानें जपानी वंशाच्या सुमारें १,२०,००० माणसांस पश्चिम किनाऱ्यावरून उठवून तारेच्या कुंपणाआड डांबण्यांत आलें. त्यांपैकीं सुमारें दोन तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक! या भागांतले पुष्कळ लोक वायोमिंगमधील हार्ट माउंटनच्या छावणींत गेले. छावण्यांतूनहि बोन ओदोरीचे फेर धरले गेले. कायदा करून सरकारनें माफी मागितली ती १९८८ सालीं. तोंवर कित्येकांच्या नांवानें ओबोनच करावें लागत होतें.

आमच्या शेजारच्या खुर्चीवर एक वृद्धा बसली होती. बोलतां बोलतां कन्येनें तिला आजीच्या निधनाचें सांगितलें. ती चटकन् आमच्या कुटुंबाकडे वळून म्हणाली, "मग हें तर त्यांचें हात्सुबोन, पहिलें ओबोन! माझ्या यजमानांचेंहि यंदाच." या पहिल्या वर्षींच घरच्यांनीं आवर्जून यावें, अशी त्यांची रीत. येथील जोदो शिन्शू पंथ मृतांचे आत्मे परत येतात असें मानीत नाहीं. तो या दिवसाला 'कांगी-ए', आनंदाचा मेळावा, म्हणतो. ज्या कारणानें आमचें कुटुंब खुर्चीला खिळलें होतें, त्याच कारणानें ही बाई दुखरे गुडघे सांवरीत उठली.

"अहो, जाऊं का?"

तीस वर्षांच्या संसारांत धर्माच्या बाबतींत तिनें आमचें मत प्रथमच विचारलें. आम्हांस 'जा' म्हणावयाचें होतें. पण मातोश्रींचें मुख डोळ्यांपुढें आलें आणि घशांतून शब्द फुटेना. आमचें सुधारकपण ऐन वेळीं कोठें दडी मारून बसलें कोणास ठाऊक! क्षणभर वाट पाहून तिनें चपला काढून आमच्या खुर्चीखालीं सारल्या, पदर खोंचला आणि त्या वृद्धेच्या मागें जाऊन उभी राहिली. पहिल्या फेरीस तिचें फावडें चुकलें, दुसरीस जुळलें. टाळी मात्र मंगळागौरीचीच पडत होती. ती तिला आमच्या मातोश्रींनीं शिकविलेली.

तिसऱ्यांदा ती समोरून गेली, तेव्हां चपला कन्येच्या स्वाधीन करून आम्ही उठलों.