माळ्यावरच्या पाहुण्या

विलायतेहून परतलेल्या माणसाला आपल्याकडे ठराविक प्रश्न विचारले जातात. राणीचा राजवाडा पाहिला का? थंडी सोसली का? तिथे म्हणे धुळीचा कण दिसत नाही, खरे का? पहिल्या दोन प्रश्नांना मी सरळ उत्तरे देतो. तिसरा प्रश्न आला, की आमच्या सौभाग्यवती माझ्याकडे पाहून हसतात आणि मी विषय बदलतो. कारण विलायतेच्या मुक्कामात मी सर्वांत जास्त काय पाहिले असेल, तर माश्या!

२०२४ सालच्या सप्टेंबरात आम्ही उभयता लेकीकडे गेलो. लेक आणि जावई दोघेही नोकरी करणारी. लंडनच्या खुराड्याला कंटाळून त्यांनी कॉट्सवोल्ड नावाच्या डोंगराळ मुलखात एक जुने घर कर्ज काढून घेतले होते. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून निघालेली आगगाडी ऑक्सफर्ड मागे टाकून दीडेक तासात मोरटन-इन-मार्श या छोट्या गावी पोहोचते. तिथून मोटारीने वीस मिनिटांवर लेकीचे खेडे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नांगर न लागलेली हिरवीगार कुरणे, त्यांत मेंढ्या आणि मधाच्या रंगाच्या दगडाची घरे. एके काळी मेंढीच्या लोकरीवर हा सारा मुलूख गबर झाला होता. छोट्या गावांतूनसुद्धा देवळे अशी उंच, की कोल्हापूरच्या माणसानेही मान वर करून पाहावे.

या भागाशी आपले जुने नाते आहे, तेही सांगून टाकतो. मोरटनपासून जवळच सेझिनकोट नावाची हवेली आहे. कंपनी सरकारच्या चाकरीत पैसा करून आलेल्या चार्ल्स कॉकरेलने ती १८०५ च्या सुमारास मोगली थाटाची बांधून घेतली. वर तांब्याचा घुमट आणि बागेतल्या पुलावर चक्क नंदी! आमच्या सौभाग्यवतींनी सवयीने हात जोडले. तिथून आणखी काही मैलांवर डेल्सफर्ड. वॉरन हेस्टिंग्जने आपले हे वडिलोपार्जित गाव १७८८ मध्ये पुन्हा विकत घेतले, घर नव्याने बांधले आणि १८१८ साली तिथेच देह ठेवला. ज्याच्या अमदानीत १७८२ चा सालबाईचा तह झाला, तो गृहस्थ म्हातारपणी इथे शेती आणि गुरे सांभाळीत बसला होता. मराठ्यांनी त्याला पुरेसे दमवले होते. माश्यांनी किती दमवले, ते इतिहासकारांनी लिहून ठेवलेले नाही.

लेकीचे घर दीडदोनशे वर्षांचे असावे. भिंती हातभर जाड. छपरावर दगडाचीच कौले. वळचणीला मोठी आणि आढ्याकडे जावे तसतशी लहान होत गेलेली. छपराखाली माळा, माळ्याखाली दोन खोल्या. त्यांपैकी दक्षिणेकडची खोली आमची. शेजारची अकरा महिन्यांच्या नातीची. नात नुकती रांगू लागली होती आणि जमिनीवर जे दिसेल ते तोंडात घालून त्याची परीक्षा करीत होती.

पहिले आठ दिवस गेले मौजेत. मग एके दिवशी लख्ख ऊन पडले. दुपारी अंगणात खुर्ची टाकून बसलो, तर दक्षिणेच्या भिंतीवर काळे ठिपके दिसू लागले. दहा, वीस, पन्नास. पाहता पाहता तीळ सांडावे तशी भिंत भरली. जवळ जाऊन पाहिले, तर माश्या! ऊन खात स्वस्थ बसलेल्या. ऊन कलले तशा त्या एकामागून एक वळचणीच्या फटींत शिरल्या. जणू काही भाडे भरलेले बिऱ्हाड!

दोन-तीन दिवसांनी गारठा पडला. जावयाने घर तापवण्याची यंत्रणा सुरू केली, आणि सकाळी उठून पाहतो, तो आमच्या खिडकीच्या काचेवर चाळीस-पन्नास माश्या. काही काचेवर चढताहेत, काही उलट्या पडून गरगर फिरताहेत. रात्री दिवा लावला, की चार-दोन दिव्याभोवती गुणगुणत. एक नातीच्या दुधाच्या वाटीत पडली.

आता इथे मला थोडे मागे जायला हवे. आमचे गाव पंढरीच्या वाटेवरचे. आषाढात दिंड्या जात, पाऊस पडे आणि त्याबरोबर माश्या येत. मी सात वर्षांचा असताना त्या दिवसांत गावात पटकी शिरली. माझा धाकटा भाऊ अडीच वर्षांचा होता. सकाळी तो अंगणात खेळत होता आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तो नव्हता. आईने त्यानंतर आयुष्यभर अन्नाचे भांडे उघडे ठेवले नाही. "माशी बसली म्हणजे यम बसला," असे ती म्हणे. पुढे हिवतापाच्या मोहिमेतले लोक डीडीटीचे पंप घेऊन आले. घरोघर फवारा मारून भिंतीवर तारीख लिहून जात. पहिल्या वर्षी माश्या पटापट मेल्या. आई त्या फवारेवाल्यांना चहा देई. दोन-तीन वर्षांत माश्यांना डीडीटीची सवय झाली आणि त्या पुन्हा आल्या. पण आईचा विश्वास ढळला नाही आणि माझाही.

तेव्हा नातीच्या वाटीत पडलेली ती माशी मी कोणत्या नजरेने पाहिली असेल, हे वाचकांच्या ध्यानात येईल.

मी युद्ध पुकारले. सारी जमीन फिनेलने पुसली. कापूर जाळला. वर्तमानपत्राची घडी करून सकाळ-संध्याकाळ माश्या मारू लागलो. माशी मारली, की पडद्यावर तेलकट डाग पडे आणि मधासारखा विचित्र वास सुटे. घरातला कचरा दिवसातून तीनदा बाहेर. तरी माश्या होत्या तेवढ्याच. आमच्या सौभाग्यवती हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, पोरीचं घर काही अस्वच्छ नाही." लेकीने ते ऐकले. तिचा चेहरा उतरला.

शेजारी ऐंशीच्या घरातली एक बाई एकटी राहत असे. एके दिवशी ती सफरचंदांची टोपली घेऊन आली आणि माझ्या हातातली घडी पाहून हसली. "आल्या वाटतं? माझ्या बाजूला फारशा येत नाहीत. तुमच्या लेकीचं घर त्यांना आवडतं. आधीच्या मालकांकडेही दर वर्षी यायच्या." तिने एक माशी अलगद पकडून उजेडात धरली. "नीट पाहा. ही स्वयंपाकघरातली माशी नव्हे."

मी चष्मा लावून पाहिले. आपल्या घरमाशीपेक्षा अंमळ मोठी. घरमाशीच्या पाठीवर चार काळे पट्टे असतात. इथे त्यांच्या जागी सोनेरी लव. पंख कात्रीच्या पात्यांसारखे एकावर एक मिटलेले. चाल संथ. हिला म्हणतात क्लस्टर फ्लाय. क्लस्टर म्हणजे घोस. शास्त्रीय नाव पोलेनिया.

हिची कथा ऐकून मी थक्क झालो. ही माशी घाणीत अंडी घालतच नाही. ती घालते कुरणातल्या मातीच्या भेगांत. अंड्यातून निघालेली अळी मातीत गांडूळ शोधते, त्याच्या अंगात शिरते आणि त्याला आतून खाऊन वाढते. महिना-सव्वा महिन्यात नवी माशी बाहेर पडते आणि उन्हाळाभर फुलांवर राहते. शरद ऋतू आला, की हिवाळा काढण्यासाठी तिला कोरडी, अंधारी फट हवी असते. पूर्वी झाडाची ढोली असेल. माणसाने दगडी घरे बांधून मोठ्या ढोल्या करून दिल्या. घरात ती खात नाही आणि वीतही नाही, नुसती झोपते. घर तापले, की तिला वाटते वसंत आला. ती जागी होते आणि उजेडाकडे, म्हणजे आमच्या खिडकीकडे येते.

तेव्हा घरात माश्या झाल्या त्या घाणीमुळे नव्हे, तर भोवतालच्या कुरणांत गांडुळे भरपूर म्हणून! ज्या गांडुळांवर डार्विनने १८८१ साली अख्खा ग्रंथ लिहिला, त्यांच्यामुळे मी फिनेल ओतीत होतो. पुढे वाचनात आले, की या माशीची अळी गांडुळात कशी जगते, याचा अभ्यास डेव्हिड केलिन नावाच्या तरुणाने पॅरिसमध्ये केला. तोच पुढे केंब्रिजला गेला आणि घोड्याच्या पोटातल्या माशीच्या अळ्या अभ्यासता अभ्यासता १९२५ साली त्याने सायटोक्रोम हे श्वसनाला लागणारे द्रव्य उजेडात आणले. आपण सारे श्वास कसा घेतो, याचा एक धागा असा माश्यांच्या अळ्यांतून गेलेला आहे.

हे सारे कळले खरे, पण कळणे वेगळे आणि वळणे वेगळे. दिवाळी तोंडावर आली होती. लेकीने पंधरा-वीस पाहुणे बोलावले होते. मी हट्टच धरला: माळ्यावर औषधाची धुरी करून घ्यायची. शेवटी कीटकनाशकवाला बोलावला. तो शिडी लावून वर गेला आणि दहा मिनिटांत खाली आला. तळहातावर काळे दाणे. मी म्हटले, उंदराच्या लेंड्या. त्याने बोटाने दाबताच त्यांचा भुगा झाला. "उंदराच्या असत्या तर कडक लागल्या असत्या. ही वाघळं आहेत, साहेब. धुरी होणार नाही."

विलायतेत १९८१ च्या कायद्याने वटवाघळांना आणि त्यांच्या निवाऱ्यांना संरक्षण आहे. ती राहतात त्या माळ्यावर निसर्ग-संरक्षण खात्याचा सल्ला घेतल्याशिवाय औषध मारता येत नाही. त्यांची ये-जा बंद होईल अशी छपरातली फटसुद्धा बुजवता येत नाही. आणि माश्या माळ्यात मारून टाकल्या, तरी त्या मढ्यांवर दुसरे किडे येतात ते निराळेच.

त्या रात्री मी बोलू नये ते बोलून गेलो. "वाघळांना कायदा आहे, माझ्या नातीला नाही? असल्या घरात मूल वाढवायचं नसेल तर तिला आम्ही घेऊन जातो." जावई उठून बाहेर गेला. लेक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाबा, काका गेला तेव्हा तुम्ही सात वर्षांचे होतात. ती माशी वेगळी होती. ही माशी वेगळी आहे. हे घरही वेगळं आहे. माझ्या घराला तुम्ही तेव्हापासून नावं ठेवताय, जेव्हा मी जन्मलेसुद्धा नव्हते."

मला झोप लागली नाही. पहाटे नातीच्या खोलीत गेलो. ती शांत झोपली होती. खिडकीत सात-आठ माश्या काचेला चिकटून निपचित बसल्या होत्या. सत्तर वर्षे मी एकाच माशीला मारीत आलो होतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा उमगले.

सकाळी मी लेकीला म्हटले, "चुकलो." तिने चहाचा पेला पुढे केला. आमच्या घराण्यात याला समेट म्हणतात.

मग आम्ही शहाणपणाचे उपाय केले. कीटकनाशकवाल्यानेच जाताना सांगितले होते: छपराला हात लावू नका, छत बंद करा. जावयाने आणि मी माळ्याच्या झडपेभोवती पट्टी लावली. दिव्यांच्या आणि नळांच्या भोकांत, खिडक्यांच्या चौकटींच्या फटींत लुकण भरले. माळ्यातल्या माश्या माळ्यात, आम्ही खाली. ज्या चुकून आल्या, त्या रोज सकाळी व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्यायच्या. थंडीने गारठलेल्या असतात, पळत नाहीत. यंत्राची पिशवी लगेच बाहेर नेऊन रिकामी करायची. हे काम मी स्वतःकडे घेतले. आठवड्याभरात माश्या बोटांवर मोजण्याइतक्या राहिल्या.

घड्याळे एक तास मागे गेली आणि चारच दिवसांनी नरकचतुर्दशी आली. कारीट कुठून मिळणार? जावयाने एक छोटे सफरचंद पायाखाली चिरडले आणि नरकासुर मेला असे ठरले. दुसऱ्या दिवशी, एक नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजन. दगडी खिडक्यांत पणत्या, टेबलावर चकल्या, करंज्या, चिवडा. शेजारच्या आजीबाई करंजी खाऊन म्हणाल्या, "ही मला दर वर्षी चालेल." इतक्यात कुठूनशी एक माशी आली आणि पणतीभोवती घोंगावू लागली. सारे माझ्याकडे पाहू लागले. मी उठलो, तिच्यावर पेला पालथा घातला, खाली पोस्टकार्ड सरकवले आणि तिला बाहेर सोडून आलो. बाहेर कडाक्याची थंडी. ती जगली नसेल. पण नातीच्या देखत, सणासुदीच्या दिवशी, मला ती मारवली नाही.

डिसेंबरात आम्ही परतलो. मार्चमधल्या एका रविवारी लेकीचा फोन आला. "बाबा, आज ऊन पडलंय. माळ्याची खिडकी उघडली. धूर निघावा तशा बाहेर पडल्या. सगळ्या कुरणाकडे गेल्या."

मी विचारले, "नात काय करते?"

"चालतेय. खिडकीशी उभी राहून त्यांना टाटा करतेय."

यंदा ऑगस्टमध्येच जावयाने फटी पुन्हा तपासल्या. मी इकडून यादी पाठवली होती. यादीच्या शेवटी आमच्या सौभाग्यवतींनी स्वतःच्या हाताने एक ओळ घातली: नातीची दुधाची वाटी मात्र झाकून ठेवावी.