परळचा गारवा

मार्चचं ऊन होतं. लालबागच्या शाळेतून आम्हाला रांगेने चालवत हाफकिन संस्थेतले साप दाखवायला नेलं होतं. आज त्यातला एकही साप नीट आठवत नाही. आठवतो तो आत पाऊल टाकताच तापलेल्या कपाळाला, मानेला, पोळलेल्या तळव्यांना भेटलेला गारवा. जाड भिंतींनी पोटात जपून ठेवलेला, जरासा ओलसर, जुन्या लाकडाचा वास असलेला.

मी चाळीतली. छत म्हणजे खाटेवर उभं राहिलं की हाताला लागणारा पोटमाळा, एवढीच माझी समज. इथे मान मागे टाकली तरी उंची संपेना. एवढी जागा, आणि ती नुसती हवेसाठी!

पुढे हळूहळू कळत गेलं. आधी हे पोर्तुगीज पाद्र्यांचं ठिकाण, मग इंग्रज गव्हर्नरांचं घर. विलायतेतल्या उमरावांची गावाकडची घरं असतात ना, भोवती बाग, प्रशस्त दालनं, तसं घर त्यांना परळच्या झाडीत हवं होतं. पाद्र्यांच्या चॅपलच्याच भिंतींत त्यांनी खाली मेजवानीचं दालन केलं, वर नाचाचं. जिथे गुडघे टेकले जायचे, तिथे ताटं मांडली गेली, या विचाराने मला अजून हुरहुर लागते.

मग भोवती गिरण्या उठल्या, धूर आला. १८८० नंतरच्या काही वर्षांत गव्हर्नरांची पत्नी याच घरात कॉलऱ्याने गेली, आणि साहेबांचा मुक्काम मलबार पॉइंटला हलला. घर रितं झालं.

१८९६ साली प्लेग आला. आजी त्या दिवसांच्या ऐकीव गोष्टी सांगायची, ओस पडलेल्या खोल्यांच्या, आणि सांगताना तिचा आवाज आपोआप खाली यायचा. त्याच प्लेगवरची लस वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केली, १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या या घरात आली. १९२५ साली तिला त्यांचं नाव मिळालं. मेजवान्यांच्या घरात लशीच्या बाटल्या भरल्या जाऊ लागल्या. चाळीचाळींत पोचणाऱ्या बाटल्या. त्या भिंतींना हेच शोभलं, असं मला मनापासून वाटतं.

परळच्या केईएम रुग्णालयात कुणाला भेटायला आलात, आणि बाहेर ऊन असलं, तर हाफकिन संस्थेच्या फाटकाशी क्षणभर थांबा. झाडांमागे ते घर अजून उभं आहे.