फटका कुणाला मारायचा?

मुलांनो, ‘फटका’ म्हटलं की काय आठवतं? पाठीत बसलेला धपाटा ना? पण मराठीत एक कवितेचा प्रकारही आहे, त्याचं नाव फटका. तो पाठीवर नाही, मनावर बसतो! हा प्रकार गाजवला शाहीर अनंत फंदी यांनी.

फंदी पेशवाईतले. जन्म १७४४ सालचा, गाव संगमनेर, मूळ आडनाव घोलप. ते लावण्या रचत, तमाशा गाजवत. १७९५च्या खर्ड्याच्या लढाईवर त्यांनी पोवाडा रचला. आपल्या कोल्हापुरात शिवजयंतीला पेठापेठांत डफावर थाप पडते, तेव्हा अंगावर कसा काटा येतो! तसेच तेव्हाचे लोक फंदींना ऐकायला जमत.

अशी आख्यायिका आहे, की अहिल्याबाई होळकरांनी त्यांना एकदा समजावलं. एवढी बुद्धी, एवढी वाणी लोकांना शहाणं करण्यासाठी वापरावी, असं त्यांचं म्हणणं. फंदी कीर्तनाकडे वळले. बघा हं, अहिल्याबाईंनी त्यांची जीभ बंद केली नाही, फक्त तिला वाट दाखवली.

हे सारं मी माझ्या चौथीच्या वर्गात मुद्दाम सांगितलं. कारणही तसंच होतं. वर्गातला एक मुलगा बोलताना अडखळतो. दुसऱ्या एका हुशार मुलानं त्याच्यावर चार ओळी जुळवल्या. यमक झकास! मधल्या सुट्टीत सगळा वर्ग त्या म्हणत होता. अडखळणारा मुलगा मात्र दोन दिवस हजेरीलासुद्धा ‘हजर’ म्हणाला नाही, नुसता हात वर करायचा.

दूर आयर्लंड देशात जुन्या काळी लोक मानत, की कवीनं टिंगल केली तर माणसाच्या तोंडावर फोड उठतात. फोड खरे नसतील, पण त्या मुलाचा चेहरा पाहिला आणि ती समजूत का पडली असेल ते कळलं.

मी वर्गाला विचारलं, “फंदींनी फटका कुणाला मारला?” खोटं बोलण्याला, चोरीला, उगाच केलेल्या निंदेला. म्हणजे जे माणसाला सोडता येतं त्याला. अडखळणं सोडता येतं का?

वर्ग गप्प. मग कविराज हळूच म्हणाले, “न्हाई बाई.”

त्याची वही मी काढून घेतली नाही. चार दिवसांनी त्याच वहीत नवा फटका आला, पाण्याचा नळ उघडा टाकून पळणाऱ्यांवर. पळणारे आम्ही सगळेच ओळखतो. कविराज स्वतःही त्यांतलेच! वर्ग खो खो हसला, आणि त्या हसण्यात अडखळणारा मुलगाही होता.

अनंत फंदी १८१९ साली गेले. दोनशे वर्षं उलटली, तरी त्यांचे फटके आजीआजोबांना पाठ असतात. घरी विचारून बघा. टिंगल मात्र कुणी पाठ ठेवत नाही; ज्याची होते तो सोडून.