ट्रिगरची किंमत

परभणीत ऊन मी म्हणतंय. दुपारभर जुनी सिनेमाची कात्रणं चाळत बसलो. ‘मकेनाज् गोल्ड’चा ग्रेगरी पेक निघाला, १९६९चा हा सिनेमा आपल्याकडं तुफान चालला. त्याच्याखाली रॉय रॉजर्स, गाणारा काउबॉय, आणि त्याचा सोनेरी घोडा ट्रिगर.

ट्रिगर १९६५ साली मेला. रॉजर्सनं त्याचं कातडं कमावून, मागच्या दोन पायांवर उभा असा घोडा करवून संग्रहालयात ठेवला. रॉजर्स गेला, त्याला पाहत वाढलेली पिढीही ओसरली आणि २००९च्या अखेरीस संग्रहालयाला कुलूप लागलं. २०१०मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात ट्रिगर २,६६,५०० डॉलरला गेला.

आमच्या जिंतूर-गंगाखेडकडं दावणीचा लालकंधारी बैल गेला की त्याला रानातच माती देतात. घुंगुरमाळ तेवढी खुंटीला राहते, पुढच्या पोळ्याला दुसऱ्याच्या गळ्यात वाजते. मला हेच अधिक पटतं. वापरातल्या वस्तूला राखणदार लागत नाही. तरी त्या बोली लावणाऱ्यांना मी हसणार नाही. लहानपण विकत मिळतंय म्हटल्यावर हिशेब कोण करतो?