प्रोजेक्टर आणण्याआधी खुर्ची मोजा



आमच्या घरी प्रोजेक्टर आल्यापासून दर दोन दिवसांनी कुणीतरी विचारतं, "केवढ्याला पडला? आणि जोडून कुणी दिला?" किमतीचं सांगण्यात अर्थ नाही, ती दर सणाला बदलते. जोडला मात्र आम्हीच, म्हणजे मी आणि आमच्या यांनी. विज्ञानाशी माझा संबंध शाळेपुरता, पुढे बी.कॉम. केलं. पण या कामाला विज्ञान थोडं आणि मोजपट्टी नि हिशेब जास्त लागतो. तो आपल्याला येतोच.

आणला कशासाठी, ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच ठरलं. सासूबाई ८६ वर्षांच्या. मोतीबिंदूची ऑपरेशनं होऊन बरीच वर्षं झाली, पण आता वयामुळे पडद्याचा मधला भाग अधू झाला आहे. डॉक्टरांनी सांगितलं, चष्म्याचा नंबर वाढवून उपयोग नाही, अक्षर मोठं आणि ठळक हवं. सामायिक झालं की 'रत्नकरंड श्रावकाचार' उघडून दोन श्लोक अर्थासह वाचायचे, हा त्यांचा नियम मी लग्न होऊन आल्यापासून बघते आहे. नजर गेली तसं त्या आम्हाला वाचून दाखवायला सांगू लागल्या. मग हळूहळू सांगणंही बंद झालं. आमची कामं बघून "राहू दे, उद्या बघू" म्हणायच्या. पुस्तक मांडीवर आणि डोळे खिडकीकडे, असं बसलेलं माणूस रोज बघणं सोपं नसतं.

टीव्हीवर अक्षरं लावून पाहिली. आमचा टीव्ही ४३ इंची, म्हणजे रुंदीला जेमतेम तीन फूट. त्यांना पुरेना. पाच फूट रुंद टीव्ही आमच्या बजेटमध्येही बसत नव्हता आणि हॉलमध्येही. म्हणून प्रोजेक्टर.

दुकानात गेलात की पहिलं वाक्य ऐकू येईल, "आंटी, शंभर इंची पिक्चर येईल, थिएटरसारखं!" तिथे भुलू नका. प्रोजेक्टर किती मोठं चित्र देतो हा प्रश्न नंतरचा. आधी मोजायची ती बघणाऱ्याची खुर्ची. घरात सगळ्यात कमी दिसणारं किंवा सगळ्यात हळू चालणारं माणूस कुठे बसणार? तिथून भिंत किती लांब? त्याला बाथरूमकडे जायला वाट कुठून? ही तीन उत्तरं कागदावर लिहिल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नये.

आमचा पेणकरपाड्यातला हॉल १५ फूट लांब, १० फूट रुंद. सासूबाईंची खुर्ची भिंतीपासून ६ फुटांवर ठेवली, त्याहून लांब त्यांना दिसत नाही. भिंत निवडली ती स्वयंपाकघराकडची, आतली. आपल्याकडे पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते, पोपडे धरतात. त्यावर पडलेलं चित्र देवीचे व्रण घेऊनच दिसतं. भिंतीला चकचकीत ऑइल पेंट नको, मधोमध पांढरा डाग पडल्यासारखा उजेड चमकतो. साधा, चमक नसलेला पांढरा रंग उत्तम. चादर टांगायची असेल तर जाड घ्या आणि खाली दांडा ओवून ताणा, कारण पातळ चादरीतून निम्मा उजेड पलीकडे जातो आणि सुरकुत्यांनी अक्षरं वाकडी होतात.

आता हिशेब. खोक्यावर 'थ्रो रेशो' नावाचा आकडा असतो. आमच्यावर १.४ होता. म्हणजे चित्र जेवढं रुंद हवं त्याच्या १.४ पट अंतरावर यंत्र ठेवायचं. आम्हाला पाच फूट रुंद चित्र हवं होतं, म्हणून यंत्र सात फुटांवर. हल्लीचं चित्र १६ ला ९ या प्रमाणात असतं. पाच फूट रुंद म्हटलं की उंची भरते सुमारे २ फूट १० इंच, आणि तिरकं मोजलं तर ६९ इंच.

"शंभर सोडून ६९च का?" असं आमच्या यांनीही विचारलं. यंत्रातून निघणारा उजेड ठरलेला असतो, महिन्याच्या पगारासारखा. शंभर इंची चित्राचं क्षेत्रफळ ६९ इंचीच्या दुपटीहून थोडं जास्त भरतं. पगार तोच, खाणारी तोंडं दुप्पट. मग प्रत्येकाच्या वाट्याला निम्मंच. चित्र लहान ठेवलं तर तोच उजेड दुपटीने ठळक होतो आणि हॉल काळाकुट्ट करावा लागत नाही. आमच्यासाठी खरा मुद्दा हाच होता. थिएटरसारखा अंधार केला की तरुणांना मजा वाटते, पण ८६ वर्षांचं माणूस अंधारात उठलं आणि पाय अडकला, तर खुब्याचं हाड मोडायला एक क्षण पुरतो. म्हणून आम्ही मोठं चित्र सोडलं आणि खुर्चीच्या मागे, जमिनीपासून हातभर उंचीवर, एक छोटा पिवळा दिवा कायम चालू ठेवला. तो भिंतीवर पडत नाही, पण पायाखालचं दिसतं.

उजेडाचा आकडा विचाराल तेव्हा 'एएनएसआय लुमेन' किती ते विचारा. नुसतं 'लुमेन' म्हणून जाहिरातीत मोठमोठे आकडे टाकलेले असतात. ते दूध किती लिटर हे न सांगता पातेलं केवढं ते सांगण्यासारखं आहे. जमलं तर दुकानातले दिवे चालू ठेवायला सांगून चित्र बघा.

यंत्र ठेवायचं कुठे? बरेच जण छतावर टांगतात. त्यात चित्र उलटं येतं, पण मेनूत 'सीलिंग' निवडलं की सुलटं होतं, त्याला घाबरू नका. घाबरायचं ते पंख्याला. आपल्या हॉलचा पंखा बरोबर मधोमध असतो आणि नेमका उजेडाच्या वाटेत येतो. आम्ही म्हणून टीपॉयवर ठेवलं, भिंतीच्या अगदी मध्यावर, सात फुटांवर. बहुतेक यंत्रांत उजेड थोडा वर चढत जातो, त्यामुळे अडीच-तीन फुटांच्या टीपॉयवरून चित्र बसलेल्या माणसाच्या नजरेसमोर येतं. यंत्र तिरकं ठेवलं की चित्र सुपासारखं एका बाजूला पसरतं. मग 'कीस्टोन' नावाच्या बटणाने ते चौकोनी करता येतं, पण त्यात अक्षरांची धार जाते. त्यापेक्षा पाच मिनिटं जास्त लावून टीपॉय सरळ करावा.

खुर्ची यंत्राच्या पुढे नको, बाजूला ठेवा. उजेडाचा झोत भिंतीपाशी पाच फूट असला तरी यंत्राजवळ वीतभरच असतो, त्यामुळे दोन फूट बाजूला बसलेल्या माणसाचं डोकं आड येत नाही. आणि उठून जायची वाट यंत्राच्या मागून हवी. पुढून गेलं की झोत थेट डोळ्यांत जातो, आणि म्हाताऱ्या डोळ्यांना त्यातून सावरायला वेळ लागतो. लहान मुलांनाही भिंगात डोकावू देऊ नये.

आता वायरी. त्यांचंच सगळ्यांना भय, पण प्रत्येक वायर काय वाहून नेते एवढं कळलं की झालं. एचडीएमआय केबलमधून चित्र आणि आवाज दोन्ही जातात. सेट-टॉप बॉक्सच्या मागची जी केबल टीव्हीला जाते, तीच काढून प्रोजेक्टरला लावायची. मग रिमोटवर 'सोर्स' किंवा 'इनपुट' दाबून ज्या भोकात केबल खोचली त्याचं नाव निवडायचं, एचडीएमआय १ किंवा २. "चित्रच येत नाही" म्हणणाऱ्या बहुतेक घरांत हे निवडायचंच राहिलेलं असतं. जुन्या लॅपटॉपची निळ्या पिनची व्हीजीए केबल फक्त चित्र नेते, आवाजाला वेगळी वायर लागते.

मोबाइल जोडायचा तर दोन वाटा. एक केबलची, पण टाइप-सी पिन असलेला प्रत्येक फोन त्यातून चित्र देतोच असं नाही, केबल घेण्याआधी फोनचं मॉडेल सांगून विचारा. दुसरी बिनवायरीची. फोन आणि प्रोजेक्टर एकाच वायफायवर आणून फोनमध्ये 'कास्ट' किंवा 'स्क्रीन मिररिंग' निवडायचं. सिनेमाच्या काही ॲपमध्ये असं केल्यावर आवाज येतो आणि चित्र काळं राहतं. ते नक्कल रोखण्यासाठी मुद्दाम केलेलं असतं, यंत्र बिघडलेलं नसतं.

आवाजाचा स्पीकर चित्राखाली ठेवा म्हणजे बोलणं चित्रातूनच आल्यासारखं वाटतं. ब्लूटूथ स्पीकरवर कधीकधी ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. कमी ऐकू येणारी माणसं ओठांकडे बघूनच समजून घेतात, त्यांचा गोंधळ होतो. तिथे साधी वायर बरी.

प्लग तीन पिनांचा असेल तर अर्थिंग असलेल्याच सॉकेटमध्ये लावायचा. आणि एकही वायर चालायच्या वाटेत आडवी नको. आम्ही वायरमनकडून भिंतीच्या कडेने केसिंग पट्टी मारून घेतली, टीपॉयपर्यंतची वायर सतरंजीखाली न दडपता मागच्या बाजूने आणली. सतरंजीखालची वायर दिसत नाही, म्हणूनच तिला पाय अडखळतो. दिव्याचं जुनं यंत्र असेल तर बंद केल्यावर आतला पंखा थांबेपर्यंत प्लग काढू नका. एलईडीच्या यंत्राचं आयुष्य कंपन्या २०,००० तासांच्या आसपास सांगतात. रोज एक तास धरला तर ५४ वर्षं! एवढा घसारा लावायला मी काही उरणार नाही, आणि यंत्रही त्याआधी धुळीने किंवा ओलीने जाईल. म्हणून हवेची जाळी साफ करा, आणि पावसाळ्यात भिंगाला बुरशी लागू नये म्हणून ओल शोषणाऱ्या पुड्या घालून यंत्र डब्यात ठेवा.

आता आपल्या घरांचा खास प्रश्न. आपण सूर्यास्तापूर्वी जेवून मोकळ्या होतो, तेव्हा संध्याकाळ रिकामी असते खरी. पण पावसाळ्यात दिवेलागणीलाच उजेडाकडे जीव झेपावतात. प्रोजेक्टरचं भिंग तापतं आणि पंखा हवा आत ओढतो, दोन्हींत जीव सापडू शकतो. म्हणून चातुर्मासात आम्ही संध्याकाळी लावतच नाही. दुपारी चारला, जाड पडदे ओढून लावतो. चित्र लहान आणि ठळक आहे म्हणूनच दुपारी जमतं. इतर दिवसांतही अंधार पडण्याआधी खिडक्यांच्या जाळ्या लावून घेतो.

"हे बायकांचं काम नव्हे" असं कुणी म्हटलं तर त्यांना सरस्वतीबाई फाळक्यांचं नाव सांगा. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्यामागे कच्च्या फिल्मच्या कडेला भोकं पाडण्यापासून सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करण्यापर्यंत त्यांचे हात राबले होते. आणि त्याच्याही आधी, १८९२च्या सुमारास, आपल्या शेजारच्या कल्याणात महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांच्या मुलांनी 'शांबरिक खरोलिका' सुरू केली होती. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे पडदा आणि जोडीला गोष्ट सांगणारा आवाज. आपल्या टीपॉयवरचं यंत्र त्याच घराण्यातलं आहे.

मी पुस्तकातले श्लोक आणि अर्थ मोबाइलवर टाइप करते. काळी पार्श्वभूमी, फिकट पिवळी अक्षरं, एका चित्रात सात-आठच ओळी. पानाचा फोटो काढून लावला तर पांढऱ्या कागदाचा झगमगाट त्यांच्या डोळ्यांना सोसत नाही. भिंतीवर एकेक अक्षर दोन-अडीच इंच उंच येतं. पहिल्या दिवशी त्या बराच वेळ नुसत्या बघत होत्या. मग एकेक शब्द जुळवत श्लोक वाचला आणि मला म्हणाल्या, "इथे ऱ्हस्व हवा, तू दीर्घ लिहिलायस का बघ." मी पुस्तक काढून पाहिलं, पुस्तकातच तसं छापलेलं होतं!

१९८१ साली, मूर्तीच्या सहस्राब्दी महोत्सवाला, त्या श्रवणबेळगोळला जाऊन आल्या होत्या. सहाशेहून अधिक पायऱ्या चढल्या, पण गर्दीत गोमटेश्वराचा मुखडा तेवढा लांबून दिसला. आता भिंतीवर फोटो मोठा करून पायांवर चढलेल्या वेली दाखवल्या, बाजूची वारुळं दाखवली. दहाव्या शतकात चावुंडरायांनी ही मूर्ती करवून घेतली असं सांगणारी मराठी ओळ तिथे पायाशी कोरलेली आहे, तीही दाखवली. "एवढ्या लांब जाऊन आपली भाषा बघायची राहिली होती," म्हणाल्या.

आता आमच्याकडे चारला शेजारच्या दोघी-तिघी येऊन बसतात. त्यांची नजर चांगली आहे, पण त्या वाचत नाहीत. सासूबाई वाचतात आणि बाकीच्या ऐकतात. चुकून मी पुढचं चित्र लवकर आणलं तर हात वर करून थांबवतात.

तेव्हा मैत्रिणींनो, या रविवारी मोजपट्टी घ्या आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या खुर्चीपासून सुरुवात करा. आकडे आले की मला कळवा, रुंदी आणि अंतराचा हिशेब मी करून देईन.

जय जिनेंद्र.